गाडी मुक्कामाला नेऊ नका

१

भाड्याची गाडी कधी परत करायची, हा काही भांडणाचा विषय नव्हे. पण मी त्यावरून भांडलो आणि जिंकलो. आयुष्यभर तेच केलं आहे. लातूरच्या एका दैनिकात बातमीदार म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. मधल्या काळात टँकरवाले, बियाण्यांचे व्यापारी, शिकवणीसम्राट आणि एकदोन पालकमंत्री यांनी मला गप्प करून पाहिलं. त्यांना जमलं नाही. तेव्हा गाड्या भाड्यानं देणाऱ्या दुकानातल्या माणसानं मला अटी शिकवाव्यात, हे मी ऐकून घेणं शक्यच नव्हतं.

आम्ही नांदेडला मुक्कामाला निघालो होतो. चांगला दोनअडीच महिन्यांचा मुक्काम. माझी मुलगी शिवानी तिथं कॉलेजात शिकवते, जावई हैदराबादला नोकरीला. तिचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला ती जिन्यात पाय घसरून पडली आणि हाती आलेलं सगळं गेलं. या खेपेला डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: काही झालं तरी पडायचं नाही. प्रवास बंद, जिना बंद, शक्यतो पलंगावरच. म्हणून लेक माहेरी यायच्या ऐवजी माहेरच लेकीकडे निघालं. माझ्या बायकोनं, शिवकांतानं, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, तुपाची बरणी आणि जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची गाठोडी बांधली. हे घेऊन बसमध्ये चढणं शक्य नव्हतं. माझी गाडी मी विकून टाकली होती. लातूरला घ्यायची आणि नांदेडला सोडायची, अशी सोय देणारी एक एजन्सी सापडली. तिचं नांदेडकडचं ऑफिस शहराच्या बाहेर, विष्णुपुरीला, म्हणजे गोदावरीच्या अलीकडे.

लातूरच्या दुकानात बसणारा माणूस संगमेश. तिशी ओलांडलेला, कपाळावर भस्म, बोलणं गोड.

"अप्पा, एक सुचवू का," तो म्हणाला. "गाडी विष्णुपुरीलाच देऊन टाका. तिथनं ऑटो करा. सिटीत गर्दी लई, पार्किंगची बोंब."

"परत करायची वेळ काय ठरलीय?"

"उद्या सकाळी."

"मग उद्या सकाळी देईन."

"द्या की. न्हाई कोण म्हणतंय. पण मुक्कामाला नका नेऊ गाडी."

"का?"

त्यानं आधीच स्वच्छ असलेली काच फडक्यानं पुसली. "असंच."

'असंच' म्हणणाऱ्या माणसाला मी कधी सोडलेलं नाही. त्या शब्दाच्या मागे नेहमी काहीतरी दडवलेलं असतं. ही गाडी यानं संध्याकाळी दुसऱ्याला कबूल केली असणार, हे मी तिथंच ओळखलं.

सामान ठेवायला मी मागचं डावं दार उघडलं. सीट रिकामी होती आणि रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता. मी खटका दाबून तो सोडला आणि गाठोडी आत ढकलली. संगमेशनं हात पुढे केला होता, तो त्यानं मागे घेतला.

२

पुढच्या सीटवर शिवकांतानं तुपाची बरणी आणि लाडवांचे डबे बसवले. मागे ठेवले की सांडतात, यावर तिचा ठाम विश्वास. ती स्वतः माझ्या मागे बसली.

गाव मागे पडलं, चाकूरचा रस्ता लागला आणि गाडी टिंग टिंग करायला लागली. समोरच्या पडद्यावर बसलेल्या माणसाचं लाल चित्र आलं. मागची डावी सीट, पट्टा नाही.

"गाठोड्यांचं वजन लागतंय," मी म्हणालो. नव्या गाड्यांत सीटखाली तशी व्यवस्था असते. मी गाडी कडेला घेतली, उतरलो आणि गाठोडी डिकीत टाकली. सीट झटकली. पुन्हा निघालो.

टिंग टिंग.

"आता काय?" शिवकांता.

"यंत्र बिघडलंय. बिघडलेल्या गाड्या लोकांच्या गळ्यात मारतात आणि वर सल्ले देतात. उद्या बघतो त्याच्याकडे."

पुन्हा थांबलो. सीटवर हात दाबून पाहिला, दोन चापट्या मारल्या. काही फरक नाही. मग मी तेच केलं जे आपल्याकडे प्रत्येक जण करतो. रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवून टाकला. आपल्या लोकांना पट्टा जीव वाचवायला नको असतो, आवाज बंद करायला हवा असतो. मी स्वतः यावर एक जळजळीत लेख लिहिला होता.

आवाज बंद झाला. रस्ता चांगला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली काळी रानं, मधेच हरभऱ्याची कोवळी हिरवी पट्टी. मला गाणं म्हणावंसं वाटलं, पण शिवकांताला माझं गाणं आवडत नाही.

३

चाकूर मागे पडल्यावर मी आरशात पाहिलं. शिवकांता उजव्या दाराला अगदी चिकटून बसली होती. खांदा काचेला टेकलेला, पिशवी मांडीवर.

"अशी कडेला का सरकलीस? झोप येतेय का?"

"जागा द्यायला नको का," ती म्हणाली.

"कुणाला?"

आरशात आमची नजर भेटली. मग ती स्वतःशीच हसली. "सवय हो. दुसरं काय."

मला ते पटलं. नोकरीची सगळी वर्षं तिनं चाकूरकडच्या जिल्हा परिषद शाळेत काढली, आणि रोजचं येणंजाणं काळीपिवळी जीपनं. आमच्याकडच्या माणसाच्या अंगातच ते असतं. कुणी दाराशी आलं की तोंड वर न करता बूड सरकतं. 'सरका जरा' म्हणायचीही गरज पडत नाही.

ती पुन्हा मधे सरकून बसली नाही. थोड्या वेळानं तिनं पदर ओढून घेतला. तो तिच्या आणि डाव्या सीटच्या मधे पसरला होता. आरशात मला दिसलं की पदर एका ओढीत सुटला नाही. तिनं दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा सुटला. शेजारच्या प्रवाशाच्या बुडाखाली अडकलेला पदर जसा सुटतो, तसा. सीटची फट, मी मनात म्हणालो.

अहमदपूरला चहाला थांबलो. तिनं चहा अर्धा टाकला.

"मी पुढं बसते. बरणी मांडीवर घेईन."

"काय झालं?"

"झालं काही नाही. मागं बसवत नाही."

"अगं, गुडघे आखडतील."

"आखडू द्या."

डबे मागे नेऊन ठेवायला मी तिच्या जागेचं दार उघडलं. तिथून पलीकडची सीट नीट दिसत होती. पट्टा लावलेला होता, पण तो पाठीला टेकलेला नव्हता. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका गेलेला, आणि सीटपासून चांगला वितीपेक्षा जास्त पुढे. खाली मोकळी हवा. मी बोट लावून त्याला आत दाबलं. तो दबला आणि बोट काढल्यावर सावकाश होता तिथं आला.

गुंडाळी कुठंतरी अडकली आहे, हे उघड होतं. मी दार लावून घेतलं. शिवकांतानं विचारलं, "काय बघत होता?" मी म्हणालो, "निकृष्ट माल."

४

लोह्याच्या अलीकडे फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर संगमेशचा आवाज आला, आधी लिंगायती नमस्कार.

"शरणार्थ अप्पा. कुठवर आलात?"

"रस्त्यावर आहे."

"मागचा पट्टा लावलेला हाय का?"

"तुला काय करायचंय?"

"लावलेला असंल तर राहू द्या. सोडू नका. विष्णुपुरीला आमचा साहेबराव तुमची वाट बघून राहिला. पट्टा हाय तसा ठेवून गाडी त्याच्या ताब्यात द्या. ऑटो पण तो बघंल."

"कारण सांग. पटलं तर देतो."

"कारण मलाच कुणी सांगितलं न्हाई. माझ्या आधी दुकानात जो होता तो पट्टा लावून ठेवायचा. मी बी ठेवतो."

"म्हणजे शुद्ध अंधश्रद्धा."

"हाव, तसं म्हणा. पण लेकीच्या घराला नका नेऊ अप्पा."

लेकीकडे जातोय हे मी त्याला बोललो नव्हतो. दुपटी बघून ओळखलं असेल. तेवढं तर कुणालाही कळेल. मी फोन बंद केला.

"देऊन टाकू या ना," शिवकांता बरणी दोन्ही हातांनी धरून म्हणाली. "एवढं सांगतोय तो."

"म्हणूनच नाही."

"अहो, उद्या सकाळी काय काम आहे गाडीचं? एका रात्रीत काय बदलणार?"

"तेच म्हणतोय मी. एका रात्रीत काय बदलणार? मग त्यानं का अडवावं?"

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"हे मला मुख्यमंत्र्यांच्या सचिवानंही सांगितलं होतं."

ती बाहेर बघायला लागली. विष्णुपुरी आली. ऑफिसच्या समोर, रस्त्याच्या कडेला, एक स्थूल मध्यमवयीन माणूस उभा होता. हा साहेबराव असणार. आमची गाडी बघून त्यानं हात वर केला. मी वेग कमी केला नाही. तो दोन पावलं पुढे आला, आणि गाडी थांबत नाही हे कळल्यावर त्यानं हात खाली घेतला. त्याची नजर माझ्यावर नव्हती, मागच्या काचेवर होती.

नदीच्या पुलावर वारा छान लागला. मला कडकडून भूक लागली होती. भांडण जिंकलं की मला नेहमी लागते.

५

शिवानीचं घर तरोडा नाक्याच्या पुढे, तीन मजली इमारतीत, पहिल्याच मजल्यावर. खाली पार्किंगला भरपूर जागा. बघ, कसली बोंब आहे इथं, असं मी शिवकांताला म्हटलंसुद्धा. सामान वर गेलं. शेवटी काही राहिलं का बघायला मी मागचं डावं दार उघडलं.

"राहू द्या ना तो पट्टा," जिन्यातून शिवकांता म्हणाली.

मी खटका दाबला.

पट्टा सट्‌कन आत गेला नाही. हळूहळू गेला. मधेच थांबला, मग पुन्हा निघाला, कुणीतरी त्यातून हात काढून घ्यावा तसा. तो पूर्ण आत जाईपर्यंत मी दार धरून उभा होतो. आत गेल्यावरही क्षणभर उभा राहिलो. कुणाला उतरायला अवघड जात असलं की आपण दार धरतो. मी का धरलं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. मग लावलं आणि वर गेलो.

शिवानी दारातच होती. चेहऱ्यावर तेज आलेलं, पाय सुजलेले. मला बघून तिचे डोळे भरले आणि लगेच ती हसली. "अप्पा, केस किती पिकले तुमचे." मी आत आलो आणि दार लावू लागलो.

"थांबा की," ती म्हणाली. "येऊ द्या ना आत."

"कोण? आई केव्हाची स्वयंपाकघरात गेली."

तिनं जिन्याकडे पाहिलं. "हो की," ती म्हणाली. "मला काय वाटलं काय माहीत. जा, हातपाय धुवा."

संध्याकाळ सुंदर गेली. शिवकांतानं भाकऱ्या टाकल्या, ताकातली भज्जी केली. शिवानी दिवाणवर बसून बारशाला कुणाला बोलवायचं याच्या गप्पा मारत होती. तिची आई बाळाच्या आधी बारशाची बोलणी नको म्हणून तिला दटावत होती. शिवानीनं नातलगांच्या नकला केल्या. मी पोट दुखेपर्यंत हसलो. फक्त एवढंच, की बोलता बोलता ती सरकत होती. मधोमध बसलेली पोरगी थोड्या वेळानं दिवाणच्या टोकाला होती.

"कडेला नको बसूस," मी म्हणालो.

"बसले कुठं," ती म्हणाली आणि चकित होऊन स्वतःकडे पाहिलं.

६

सकाळी मी चहा घेत होतो. शिवकांता समोर येऊन बसली. ती लेकीच्याच खोलीत, खाली गादी टाकून झोपली होती. डोळे लाल होते.

"रात्रभर तिला आत ढकलत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "सरकत सरकत कडेला येते. झोपेत."

"पोट एवढं असलं की कूस बदलायला त्रास होतो."

"कूस बदलत नाही ती. जागा करून देते. भिंतीकडची बाजू सगळी रिकामी, आणि ही काठावर." तिनं खोलीच्या दाराकडे पाहिलं. "आणि बोलते. बसा, बसा म्हणते. आहे जागा, म्हणते."

मी खोलीत जाऊन पाहिलं. शिवानी उजव्या कुशीवर झोपली होती, पलंगाच्या अगदी कडेला. एक पाय खाली लोंबत होता. तिच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला, एक माणूस आरामात बसेल एवढी जागा मोकळी होती. आम्ही दोघांनी तिला आत घेतलं. मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या आणून पलंगाला लावल्या, पाठी आतल्या बाजूला करून.

"आता कशी पडते बघू," मी म्हणालो. खुर्च्या हा त्यावर पूर्ण उपाय होता, अशी माझी खात्री होती. मग गाडी परत करायला निघालो. दिलेल्या वेळेच्या आधी मी गाडी दिली नाही आणि नंतरही देणार नव्हतो.

मागचा पट्टा सुटाच होता. मी गाडी सुरू केली. नदीवर पोचेपर्यंत मी त्या टिंग टिंगची वाट बघत होतो. ते वाजलंच नाही. यंत्र आपोआप दुरुस्त झालं होतं. पूल संपेपर्यंत मी यावर समाधानी राहायचा प्रयत्न केला.

७

साहेबरावनं गाडीला चक्कर मारली नाही, ओरखडे पाहिले नाहीत. सरळ मागचं डावं दार उघडलं आणि सीटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मान वर केली.

"रिकामी आणली साहेब तुम्ही."

"रिकामीच द्यायची असते."

"पट्टा कुठं सोडला?"

"मुलीच्या इमारतीखाली."

तो ऑफिसच्या पायरीवर बसला. मी चढ्या आवाजात विचारलं की हा काय प्रकार आहे, कुणाची गाडी, आधी काय झालं होतं, कुणी मेलं होतं का, पोलिसात नोंद आहे का. असे प्रश्न मी फार चांगले विचारतो.

"मला काही ठाऊक न्हाई साहेब. खरंच न्हाई. लातूरला जातंय, नांदेडला येतंय. पट्टा लावलेला असला की कुणाला काही त्रास न्हाई. आजवर कुणाला काही केलं न्हाई. नुसतं बसून असतंय."

"मग भ्यायचं कशाला?"

"गाडीत बसलं तर बसलं," साहेबराव म्हणाला. "घरात कशाला बसू द्यावं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. शिवकांता बोलत होती आणि तिला धाप लागली होती.

"लगेच या. खुर्च्या ढकलून खाली आली. मी मधे पडले म्हणून, नाहीतर. लागलं नाही तिला, पण आता पलंगावर जायला तयार नाही. जागा नाही म्हणते. जमिनीवर बसलीय आणि तिथंही भिंतीकडे सरकतेय. अहो, हसतेय ती. पाहुणे आलेत म्हणते."

मी फोन ठेवला. मी हात पुढे केला. साहेबरावनं किल्ली आधीच तळव्यावर धरली होती.

८

घरी पोचलो तेव्हा ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. शिवानी खाली बसली होती, पाठ आईच्या छातीला, आईचे दोन्ही हात तिच्या पोटावर. पलंगावरची चादर मी सकाळी नीट केली होती. भिंतीच्या बाजूला गादी खचली होती, खोलगट, आणि चादरीच्या सुरकुत्या त्या खळग्याकडे ओढल्या गेल्या होत्या. उन्हात प्रत्येक सुरकुती वेगळी दिसत होती.

कारण शोधायला मला वेळ नव्हता. कापूस जुना असेल, फळी वाकली असेल, ही सगळी कारणं माझ्या डोक्यात रांगेनं उभी राहिली आणि मी त्यांना तसंच उभं ठेवलं.

बाई आहे की बुवा, मला माहीत नव्हतं. म्हणून नाव नाही, नातं नाही, नुसतं म्हणालो, "चला. गाडी आलीय खाली."

काही झालं नाही. मी बाजूला झालो आणि दार पूर्ण उघडलं. आमच्याकडे पाहुण्याला घालवत नाहीत, पोचवायला जातात. त्याच आवाजात मी पुन्हा म्हणालो, "चला, मी सोडतो."

गादी वर आली. एकदम नाही. वयस्कर माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतो, तशी सावकाश. सुरकुत्या सैल पडल्या. शिवकांतानं शिवानीला पोटाशी धरून भिंतीला पाठ लावली. वाट द्यावी तशी.

मी मागे न बघता जिना उतरलो. वळणावर मागून येणाऱ्याला धरता यावा म्हणून कठडा सोडून चाललो. मागचं डावं दार उघडलं आणि धरून उभा राहिलो. समोरच्या दुकानदारानं मला बघितलं असेल, एक म्हातारा माणूस रिकाम्या गाडीचं दार उघडून ऊन खात उभा आहे.

"बसा," मी म्हणालो.

गाडी डाव्या अंगाला हळूच खाली गेली.

मी पट्टा ओढला. रिकाम्या सीटला जेवढा लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त लागला. खटक्यापर्यंत नेताना माझ्या हाताची मागची बाजू कशाला तरी घासली. गार असेल असं मला वाटलं होतं. ऊबदार होतं.

मी पूल ओलांडत असताना शिवकांताचा फोन आला. ती रडत होती. "झोपली. पलंगावर. मधोमध, हातपाय पसरून."

९

विष्णुपुरीला गाडी देऊन टाकायची आणि ऑटोनं लेकीकडे यायचं, एवढंच उरलं होतं. साहेबराव बाहेर उभा होता. त्याच्या शेजारी पुढचं गिऱ्हाईक होतं. लातूरला जाणारं एक तरुण जोडपं, त्यांच्या पिशव्या, आणि बाईच्या खांद्यावर झोपलेलं लहान मूल. बाईनं मागच्या डाव्या दाराकडे पाहिलं. मुलाला कुठं निजवायचं हे ती ठरवत होती. ती पहिल्यांदा काय करील, हे मला पक्कं माहीत होतं. रिकाम्या सीटवरचा पट्टा सोडील.

मी खाली उतरलो नाही. काच खाली केली.

"ही गाडी मिळणार नाही. त्यांना दुसरी द्या."

"मग ही कधी देता साहेब?" साहेबरावनं विचारलं.

"कळवतो."

तो नको म्हणाला नाही. मला वाटतं त्याला बरंच वाटलं. तेव्हापासून संगमेश रोज फोन करतो, "अप्पा, आज देता का?" आणि मी रोज मुदत वाढवून घेतो. मी हरलेलो नाही. माझं काम चालू आहे. या माणसाला, किंवा जे काही आहे त्याला, कुठं उतरायचं आहे ते मला शोधायचं आहे, आणि लोकांकडून नको ते काढून घेण्यात मी तरबेज आहे. मी बिलोलीला जाऊन आलो. देगलूरला गेलो. उदगीरला किल्ल्याच्या पायथ्याशी थांबलो, रेल्वे स्टेशनसमोर थांबलो, धान्याच्या मोंढ्यात थांबलो. जिथं जवळपास कुणाचं घर नाही अशी जागा बघतो, दार उघडतो, खटका दाबतो आणि थांबतो. पट्टा जागचा हलत नाही. गाडी वर येत नाही. मग मी पुन्हा खटक्यात अडकवतो आणि पुढचं गाव गाठतो. लॉजवर झोपतो. घाई करत नाही. दारात तासन्‌तास बसवणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. शेवटी बोलतात सगळे.

आरसा मी वर वळवून ठेवला आहे. त्यात फक्त सीटचा वरचा कोपरा येतो. तिथं पट्ट्याची कड दिसते, आणि कधी कधी उजेड योग्य असला तर त्या कडेखाली घातलेला एक अंगठा. मानेला काचू नये म्हणून वयस्कर लोक घालतात तसा. नख स्वच्छ असतं. तेवढंच. आरसा खाली घ्यायचा मोह मी टाळतो.

शिवानीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोटोत नातीचं कपाळ माझ्यासारखं दिसतं, म्हणजे भांडखोर. आज उदगीरच्या स्टेशनबाहेर गाडी लावून बसलो असताना शिवकांताचा फोन आला. परवा बारसं आहे.

"पुरे झालं आता," ती म्हणाली. "येताना विष्णुपुरीला गाडी द्या आणि घरी या. पोर विचारते, अप्पा का येत नाहीत. नातीला मांडीवर तरी घ्या एकदा. येता ना?"

मी उत्तर द्यायच्या आत आरशातला अंगठा पट्ट्याखालून निघाला. मी वळून पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं, आणि फक्त खाली, सीटकडे. एक हात मांडीवरून खटक्यापर्यंत आला होता. बोटं त्या लाल बटणावर टेकली होती. दाबलं नव्हतं. वाट बघत होती.

"अहो, ऐकताय ना? येता ना घरी?"

"नाही," मी म्हणालो. "मी येत नाही."

"बारशालाही नाही?"

"नाही."

"नक्की?"

बोटं अजून तिथंच होती.

"नक्की," मी म्हणालो, मोठ्यानं, मागे स्पष्ट ऐकू जाईल असं.

हात सावकाश उचलला गेला आणि परत पट्ट्याकडे वर गेला.